बँकेत ६२ लाख आणि पगाराला पैसे नाहीत: निसर्गसंवर्धन संस्थेचा हिशेब कसा वाचावा

ठाणे खाडीच्या काठावर कांदळवने आणि पाणपक्षी यांच्यासाठी काम करणाऱ्या मुंबईतील एका लहान संस्थेच्या कोषाध्यक्षपदी नुकत्याच निवडून आलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका भगिनींनी तीन प्रश्न विचारले आहेत. संस्थेच्या सर्व खात्यांत आणि ठेवींत मिळून ६२ लाख रुपये असताना कर्मचाऱ्यांचे पगार दर महिन्याला का रखडतात? ताळेबंदासोबतचे उत्पन्न-खर्च पत्रक, आयकराचे विवरणपत्र आणि कंपनीला पाठवलेले खर्चाचे पत्रक या तिन्हींत खर्चाचा आकडा वेगवेगळा कसा? आणि ‘आमचा शंभर टक्के पैसा प्रत्यक्ष कामावरच गेला पाहिजे’ असे म्हणणाऱ्या देणगीदाराला काय सांगावे? मुंबईतील धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्यांतल्या अनेक संस्था वन्यजीव व पर्यावरणाच्या क्षेत्रातल्या होत्या. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न तुम्हाला इतरांपेक्षा लवकर उलगडेल, कारण ग्राहकाची ठेव हे बँकेचे देणे असते हे तुम्ही आयुष्यभर पाहिले आहे. विशिष्ट कामासाठी मिळालेले अनुदानही तसेच असते. ते तुमच्या खात्यात असते, पण ठरलेले काम होईपर्यंत ते देणगीदाराचे देणे असते. फरक इतकाच की बँकेला ठेवीतून कर्ज देण्याची मुभा आहे आणि तुम्हाला ती नाही. तेव्हा तुमच्या ६२ लाखांची आधी फोड करा. तुम्ही पाठवलेल्या पत्रकांवरून मला दिसते ते असे: कायम निधीच्या, म्हणजे मूळ रक्कम न खर्चता राखून ठेवायच्या पैशाच्या, मुदत ठेवी २५ लाख, एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून रोपवन आणि त्याच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी आलेले व अजून खर्च न झालेले २१ लाख, परदेशी देणगीच्या खात्यात ९ लाख आणि उरलेले ७ लाख. संस्थेने स्वतःच्या मर्जीने खर्च करावे असे पैसे फक्त हे शेवटचे ७ लाख आहेत. तुमचा दरमहाचा ठरलेला खर्च पावणेतीन लाखांच्या आसपास आहे, म्हणजे ही जेमतेम अडीच महिन्यांची शिदोरी झाली.

ती इतकी तुटपुंजी होण्याचे एक कारण आहे. पक्षिगणनेच्या प्रकल्पाचा दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, पाहिल्यावरच मिळणार आहे, त्यामुळे होडीचे भाडे आणि सहायकांचे मानधन यांपोटी सुमारे ५ लाख रुपये संस्थेने आपल्या खिशातून आधीच घातले आहेत. थोडक्यात, तुमची संस्था एका मोठ्या देणगीदाराला बिनव्याजी उचल देत आहे आणि त्यासाठी कर्मचारी थांबले आहेत. यावर उपाय हिशेबाच्या वहीत नाही, तो करारात आहे. पुढच्या करारात पहिला हप्ता किमान पहिल्या सहामाहीच्या खर्चाइतका मागा आणि शेवटी राखून ठेवायची रक्कम दहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. देणगीदार नाही म्हणतील या भीतीने बहुतेक संस्था हे मागतच नाहीत. माझा अनुभव असा की नीट मांडलेले रोख प्रवाहाचे कोष्टक सोबत जोडले तर निम्म्याहून अधिक कंपन्या मान्य करतात.

अशा तंगीत सर्वांत जवळचा वाटणारा आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग म्हणजे एका प्रकल्पाचे पैसे तात्पुरते दुसरीकडे वळवणे. एका संस्थेने रोपवनाच्या निधीतले ६ लाख चार महिन्यांच्या पगारासाठी वापरले आणि नवे अनुदान आले की भरून काढू असे ठरवले. अनुदान लांबले, पाऊस मात्र वेळेवर आला. रोपे लावण्याच्या आठवड्यात रोपवाटिकेला द्यायला पैसे नव्हते आणि कंपनीच्या तपासनिसाने बँकेचे उतारे मागितल्यावर सगळे उघड झाले. पैसे कोणी खाल्ले नव्हते, हे सर्वांनाच मान्य होते. तरीही रक्कम परत करावी लागली आणि त्यासाठी कार्यकारी मंडळातील तिघांनी स्वतःच्या बचतीतून संस्थेला कर्ज दिले. तेव्हापासून मी प्रत्येक संस्थेला सांगतो की परदेशी देणगी सोडून बाकी सगळा पैसा एकाच खात्यात असला तरी चालेल, पण दर महिन्याच्या शेवटी बँक शिल्लक आणि निधीनिहाय शिल्लक यांची बेरीज जुळलीच पाहिजे. ती जुळत नसेल तर कुठेतरी एका निधीने दुसऱ्याला न विचारता कर्ज दिलेले आहे.

कायम निधीबद्दल एक खुलासा. देणगीदाराने ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे लेखी दिलेले असेल तरच ती आयकराच्या दृष्टीने कायम निधी ठरते. मंडळाने ठराव करून एखादी रक्कम तशी म्हटल्याने ती तशी होत नाही. २०२१ च्या वित्त अधिनियमानंतर ही रक्कम आयकर अधिनियमाच्या कलम ११(५) मध्ये सांगितलेल्या गुंतवणुकीत, त्या निधीच्या नावाने वेगळी ओळखू येईल अशी ठेवावी लागते. तुमच्या २५ लाखांपैकी किती रकमेची पत्रे फाइलमध्ये आहेत ते आधी पाहा. आणि त्या सगळ्या ठेवी एकाच बँकेत असतील तर ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तीन आकड्यांचा प्रश्न. आकडे वेगळे असणे हा दोष नाही. ते का वेगळे आहेत हे कागदावर नसणे हा दोष आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा ताळेबंद अनुसूची आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊमध्ये असते. आयुक्तांच्या वरळीच्या कार्यालयाला संस्थेची मालमत्ता शाबूत आहे का आणि पैसा घटनेतील उद्दिष्टांवर गेला का हे पाहायचे असते. आयकर खात्याला वेगळे हवे असते: उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम धर्मादाय कामावर प्रत्यक्ष वापरली का? कंपनीला फक्त आपल्या प्रकल्पाचा खर्च, आपल्या अंदाजपत्रकातील शीर्षकांप्रमाणे हवा असतो.

तुमच्याच आकड्यांवर हे करून पाहू. वहीप्रमाणे वर्षाचा खर्च ४८ लाख आहे. त्यात घसारा, म्हणजे वापराने उपकरणांच्या किमतीत होणारी घट, २ लाख २० हजार धरलेला आहे. ज्या उपकरणांची किंमत पूर्वीच वापर म्हणून धरली, त्यांचा घसारा आयकरासाठी पुन्हा वापर म्हणून धरता येत नाही, म्हणून तो वजा होतो. मार्चअखेर बिल आले पण पैसे एप्रिलमध्ये दिले, असा खर्च २ लाख ८० हजार आहे. धर्मादाय संस्थेच्या बाबतीत रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी ती वापरली असे मानतात, म्हणून तोही या वर्षी वजा होतो आणि पुढील वर्षी धरला जातो. उलट दुर्बिणी, स्पॉटिंग स्कोप आणि कॅमेरा ट्रॅप यांच्या खरेदीचे ४ लाख वहीत मालमत्ता म्हणून आहेत, पण आयकरासाठी ते या वर्षीचा वापर ठरतात, म्हणून मिळवायचे. आणखी ३० हजार वजा होतात, त्याची गोष्ट पुढे सांगतो. आकडा आला ४६ लाख ७० हजार. कंपनीच्या पत्रकातला आकडा या दोन्हींचा केवळ एक तुकडा आहे. बँकेच्या पासबुकाची आणि रोकड वहीची जुळवणी जशी करतात तशी या तिन्हींची एकपानी जुळवणी दर वर्षी करून ऑडिटच्या फाइलमध्ये लावा. उद्या नोटीस आली तर पाच वर्षांपूर्वीचा सीए शोधत फिरावे लागणार नाही.

ते ३० हजार म्हणजे होडीचे भाडे. फ्लेमिंगोंच्या हंगामात तुमच्या माणसांनी एका तांडेलाला दोनदा, एकेका दिवशी १५ हजार रुपये रोख दिले. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून अधिक रोख दिल्यास ती रक्कम वापर म्हणून धरली जात नाही. काम झाले, पैसे योग्य माणसाला मिळाले, तरी आयकराच्या हिशेबात तो खर्च दिसत नाही. जिथे उद्गम कर (टीडीएस) कापायचा असतो तिथे तो कापला नाही तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग असाच गळतो. आता बहुतेक होडीवाल्यांच्या फोनवर यूपीआय आहे, त्यामुळे रोखीला खरे कारण उरलेले नाही.

निसर्गसंस्थांच्या हिशेबात सर्वांत अवघड भाग हाच आहे. पाड्यावरचा वाटाड्या, रोजंदारीवर रोपे लावणाऱ्या बाया, चिखलातून पाहणीच्या जागेवर नेणारा कोळी बांधव यांच्याकडे छापील बिल नसते आणि ते मागणेही गैर आहे. तिथे संस्थेने स्वतः व्हाउचर करायचे असते. पण ‘मजुरी रु. ४०००’ एवढेच लिहिलेले व्हाउचर म्हणजे कोरा कागदच. नाव, गाव, कामाचे दिवस, दर, सही किंवा अंगठा, आणि त्या दिवशीच्या क्षेत्रवहीचा पान क्रमांक एवढे त्यावर हवे. क्षेत्रवही हा जीवशास्त्रज्ञाचा दस्तऐवज आहे तसाच लेखापालाचाही आहे, हे दोघांनाही कळायला वेळ लागतो. एकदा खाडीतील फेरीचे एक व्हाउचर मला खटकले, कारण त्यावर लिहिलेल्या वेळी पूर्ण ओहोटी होती आणि त्या भागात ओहोटीला होडी चिखलात रुतते. चौकशी केली तेव्हा फेरी खरी होती पण तारीख चुकीची, व्हाउचर महिनाअखेरीस आठवणीने लिहिलेले होते. हेतू स्वच्छ होता, पुरावा मात्र निकामी झाला. व्हाउचर त्याच दिवशी लिहायचे, हा नियम मी त्या दिवसापासून ओहोटीचे उदाहरण देऊन शिकवतो.

रोपवनाचा हिशेब हा आणखी वेगळा विषय आहे. पहिल्या पावसाळ्यात लागवडीचा मोठा खर्च होतो आणि छायाचित्रेही तेव्हाच निघतात, पण मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे, वाहत आलेले प्लास्टिक काढणे आणि राखणदारी हा खर्च दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचा असतो. तुमचे २१ लाख मोठे वाटतात ते यामुळे. त्यांची वर्षनिहाय विभागणी आजच कागदावर मांडून ठेवा, नाहीतर पुढच्या सभेत कोणीतरी त्यातून कार्यालयाची रंगरंगोटी सुचवेल. तुम्ही काम करता ती जमीन संस्थेची नाही, त्यामुळे लावलेली रोपे ताळेबंदात मालमत्ता म्हणून येत नाहीत. ती वार्षिक अहवालात यायला हवीत, आणि तीही ‘इतकी लावली’ अशी नव्हे, तर मागील प्रत्येक वर्षी लावलेल्यांपैकी आज किती जिवंत आहेत अशा आकड्याने. जिवंत रोपामागे किती खर्च आला हा आकडा लाजिरवाणा निघू शकतो. तरी तो छापा, कारण जाणत्या देणगीदाराचा विश्वास त्यानेच बसतो.

कंपन्यांचा पैसा बहुधा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो, कारण त्यांना त्यांचे वर्ष गाठायचे असते. २८ मार्चला आलेले २० लाख ३१ मार्चपर्यंत खर्च होणे शक्य नाही आणि ८५ टक्क्यांचा नियम तर उभा आहे. यासाठी कायद्यात वाटा आहेत: पुढच्या वर्षी खर्च करू असे फॉर्म ९ए मध्ये सांगता येते किंवा ठरावीक कामासाठी फॉर्म १० भरून पाच वर्षांपर्यंत रक्कम राखून ठेवता येते. दोन्ही फॉर्म वेळेत भरले पाहिजेत आणि फॉर्म १० मध्ये ‘संस्थेची उद्दिष्टे’ असे मोघम कारण लिहू नका. ‘अमुक खाडीपट्ट्यातील रोपवनाची देखभाल’ असे नेमके लिहा. काही सीए विशिष्ट कामाचे अनुदान खर्च होईपर्यंत देणे म्हणूनच दाखवतात. पद्धत कोणतीही असो, ती लेखी ठरवा आणि दर वर्षी तीच ठेवा. इथे मी १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलमे आणि फॉर्म यांचे क्रमांक दिले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ चा अधिनियम घेतो आणि क्रमांक बदलतात, तेव्हा प्रत्यक्ष भरताना ते ताडून पाहा.

परदेशी देणगीबाबत फार मोकळीक नाही. परदेशी देणगीच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येते, दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. संशोधन हेच ज्यांचे प्रमुख काम आहे अशा संस्थांत क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्यांचा पगार या २० टक्क्यांत मोजत नाहीत, म्हणून तुमच्या नेमणूकपत्रांत कामाचे स्वरूप स्पष्ट हवे. खात्यावरचे व्याजही परदेशी देणगीच समजले जाते. आणि एक नेहमीची चूक: डोंबिवलीचा मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो, त्याचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले की त्याच माणसाची तीच रक्कम परदेशी देणगी होते. पासपोर्टची प्रत घेण्याचा संकोच करू नका.

‘शंभर टक्के कामावर’ म्हणणाऱ्या देणगीदाराला चिडून उत्तर देऊ नका, कारण त्यामागे बहुधा एक गैरसमज असतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालील नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर ती नाही, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. तो परिच्छेद प्रस्तावालाच जोडा. दुसरे, ‘इतर खर्च’ हे शीर्षक प्रस्तावातून काढून टाका. वन विभागाची परवानगी मिळवण्यासाठी झालेल्या फेऱ्या, माहितीचे विश्लेषण, हिशेब ठेवणारी व्यक्ती, लेखापरीक्षकांचे शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, जो तुमच्यासारख्या संस्थेला सहसा परत मिळत नाही, हे सगळे त्या प्रकल्पाचेच खर्च आहेत. ते नावानिशी लिहा. भाडे आणि सामाईक पगार यांची वाटणी तासांच्या नोंदीवरून करा, अंदाजाने नव्हे. ज्या संस्थेने भाडे प्रत्येक देणगीदाराकडून पूर्ण वसूल केलेले मी पाहिले, तिने एकाच खोलीचे भाडे तीनदा दाखवले होते. तिलाही आपण काही वावगे करतो आहोत असे वाटत नव्हते.

तुमच्या निसर्गफेऱ्यांच्या शुल्काची चिंता तुम्ही व्यक्त केली आहे, ती काहीशी अनाठायी आहे. धर्मादाय उद्दिष्टाच्या व्याख्येत ‘पर्यावरणाचे, पाणलोट, वने व वन्यजीवांसह, जतन’ हे २००९ पासून स्वतंत्र उद्दिष्ट आहे, त्यामुळे सर्वसाधारण लोकोपयोगी कामांना शुल्कावर जी २० टक्क्यांची मर्यादा लागते ती तुम्हाला थेट लागत नाही. मात्र टी-शर्ट आणि दिनदर्शिकांची विक्री हा व्यवसायच आहे, तो उद्दिष्टाला पूरक असावा आणि त्याच्या वह्या वेगळ्या असाव्यात.

वर्षाचे वेळापत्रक तुमच्या सीएंकडे असेलच. तरी भिंतीवर एवढे लिहून ठेवा: ८०जी पावत्यांचे, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या पावत्यांचे, १० बीडी विवरण ३१ मेपर्यंत (उशिराला दररोज २०० रुपये), धर्मादाय आयुक्तांचे ऑडिट आणि आयकराचा ऑडिट अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत, संस्थेचे आयकर विवरणपत्र आयटीआर-७ सर्वसाधारणपणे ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि परदेशी देणगीचे वार्षिक विवरण एफसी-४ हे ३१ डिसेंबरपर्यंत. परदेशी देणगीचा एक रुपया जरी त्या वर्षी आला असेल तरी आयकराचा ऑडिट अहवाल फॉर्म १० बीबी नव्हे, फॉर्म १० बी मध्ये द्यावा लागतो.

शेवटचे, आणि घाईचे. तुमची निवड ज्या सभेत झाली त्या दिवसापासून ९० दिवसांच्या आत बदल अहवाल, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, धर्मादाय आयुक्तांकडे दाखल व्हायला हवा. तुमच्या पत्रातील तारीख धरली तर त्यांतले ५८ दिवस गेले आहेत आणि बँकेत सहीचा अधिकार अजून जुन्या कोषाध्यक्षांकडेच आहे. सभेची सूचना, हजेरीपट, ठराव आणि मावळत्या कोषाध्यक्षांचे संमतिपत्र एवढे कागद या आठवड्यात गोळा करा. ६२ लाखांची फोड त्यानंतर करा.